मामांच्या रेसगाडीचा मागचा पाटा

माझे मामा हेच माझे सासरे आहेत. मामाची मुलगी करणं आमच्याकडे नेहमीचंच. घरातलं माणूस घरात राहतं, स्वभाव आधीच ठाऊक असतात, अशी त्याची कारणं लोक सांगतात. तोटा कुणी सांगत नाही. सासऱ्याचा जाच झाला तर इतर जावई निदान मामाकडे जाऊन रडू शकतात. मला ती सोय नाही.

चारचौघांत मामा मला ‘जवाईबापू’ म्हणतात, ‘तुमी’ म्हणतात, पंगतीत आधी माझं ताट वाढायला लावतात. पण गाडीखाली आम्ही दोघं आडवे झालो की मी पुन्हा भाचा होतो. “चौदाचा पाना दे बे. चौदाचा म्हनलं, तुह्या डोळ्यात काय गेलं?” अलीकडच्या काही वर्षांत मी जावई म्हणून जगलो त्याहून जास्त भाचा म्हणून जगलो, आणि त्याला कारण ती गाडी.

मामांची शेती मेहकरहून डोणगावला जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. मिरची, हळद, सोयाबीन, आणि रस्त्याच्या बाजूला माझ्या बायकोची रोपवाटिका. मिरची-टोमॅटो-वांग्याची रोपं ती तयार करते आणि स्वतः पिकअप चालवत गावोगाव पोचवते. माझं मेहकरात बी-बियाण्यांचं दुकान आहे. आम्ही राहतो मेहकरात, पण रोपवाटिका बापाच्या शेतात असल्यामुळे आमचा अर्धा संसार तिकडेच असतो. मामा एकदा सरपंच होते. यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. ट्रॅक्टर, मोटरपंप, फवारणीचं मशीन, काहीही बिघडलं की ते स्वतः उघडतात. बंद करायला मात्र बऱ्याचदा दुसरं कुणी बोलवावं लागतं.

तर हे मामा एका उन्हाळ्यात नांदुऱ्याला गेले होते जुनं थ्रेशर बघायला. ज्या जिनिंगच्या आवारात ते थ्रेशर होतं तिथले मालक मागची शेड पाडून मंगल कार्यालय बांधणार होते. शेडमधलं सामान बाहेर काढणं चाललं होतं, आणि कापसाच्या कचऱ्याखाली एक गाडी निघाली. इंग्रजी बनावटीची, दोनच सीटांची, कापडी टपाची, इतकी बुटकी की बैलगाडीखालून निघून जाईल. त्या घरातल्या आजोबांनी तरुणपणी हौसेनं मुंबईहून आणलेली, आणि आजोबा गेल्यापासून कुणी हात न लावलेली. त्या लोकांना जागा मोकळी हवी होती आणि मामांना गाडी हवी होती. दोघांचं कसं जमलं ते मामांनी मामीला आजवर सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ट्रक शेतात आला. मामीनं ओट्यावरून बघितलं आणि विचारलं, “थ्रेशर कुठी हाय?”

“मागून येऊन राह्यलं,” मामा म्हणाले.

इंजिन अकोल्याच्या एका मिस्त्रीनं चालू करून दिलं. त्याची कथा वेगळी आहे आणि बरीचशी शिव्यांची आहे. गाडी चालू झाल्यावर मामांनी ती आठ-पंधरा दिवस शेतातल्या रस्त्यावर फिरवली, दोन लग्नांत नवरदेवासाठी दिली, आणि मग त्यांच्या फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला. त्यात जुन्या गाड्यांची शर्यत होती. संभाजीनगरच्या पलीकडे एक बंद पडलेला साखर कारखाना आहे. त्याच्या उसाच्या ट्रकांसाठी बांधलेल्या सिमेंटच्या प्रशस्त आवारात टायर आणि शंकू मांडून रस्ता आखतात, एकेक गाडी घड्याळ लावून सोडतात आणि कुणाला किती वेळ लागला ते बघतात. त्यात मामांच्या गाडीसारखीच एक लाल गाडी होती. मामांनी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की मामीनं विचारलं, “कोन हाय त्यात? सोयरे हायत का आपले?”

ठरलं. हिवाळ्यातल्या शर्यतीत भाग घ्यायचा. आणि सराव म्हणून मामांनी मला शेजारी बसवून गाडी पहिल्यांदा खरोखर जोरात काढली.

शेतापासून थोडं पुढे रस्ता नाल्यावरच्या पुलाकडे वळतो. त्या वळणावर मामांनी पाय काढला नाही, उलट दाबला, कारण व्हिडिओतला लाल गाडीवाला तसंच करत होता. मला आठवतं ते एवढंच की माझं बूड अचानक वर उचललं गेलं, मागून कुणीतरी गाडीला ढुशी दिल्यासारखं झालं, आणि समोर दिसणारा पूल एकदम पाठीमागे गेला. मग आम्ही उलटे, म्हणजे मागच्या अंगानं, रस्ता सोडून शेजाऱ्याच्या वावरात शिरलो आणि त्याच्या सोयाबीनच्या गंजीत थांबलो. सोयाबीन कापून नुकतीच गंजी घातलेली होती, म्हणून हे लिहायला मी आहे.

माझ्या कानात सोयाबीनच्या शेंगा गेल्या होत्या. तो शेजारी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चालत आला, त्यानं गाडीकडे बघितलं, गंजीकडे बघितलं आणि मामांना विचारलं, “सरपंच, हे थ्रेशर हाय का?”

मामा म्हणाले, “मांगचा पाटा थकला वाट्टे.”

आता हा मागचा पाटा काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ट्रकला मागे प्रत्येक चाकापाशी लोखंडी पट्ट्यांची एकेक जुडी असते, ती सगळ्यांनी बघितलेली असते. त्यालाच आमच्याकडे पाटा म्हणतात. या गाडीत तशा दोन जुड्या नव्हत्या. एकच होती, आडवी, या चाकापासून त्या चाकापर्यंत धनुष्यासारखी, आणि मधोमध घट्ट आवळलेली. चाकं मधल्या सांध्यापासून वर-खाली हलायची. सरळ रस्त्यावर त्याचं काही बिघडत नाही. पण जोरात वळलं की गाडीचं बूड वर उचललं जायचं आणि बाहेरच्या अंगाचं मागचं चाक खाली आत दुमडायचं. मग टायरचा फक्त काठ रस्त्याला लागायचा, आणि काठावर किती वेळ उभं राहता येणार? गाडी मागून सुटायची. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी मामांचं निदान पक्कं होतं: पाटा म्हातारा झाला, त्याला ताकद द्यायची.

मेहकरला ट्रक-ट्रॉलीचे पाटे बनवणारे एक चाचा आहेत. त्यांच्या मते कुठल्याही गाडीचा कुठलाही आजार एक पट्टी वाढवली की बरा होतो. मामांचंही मत तेच. असे दोन एका विचाराचे लोक भेटले की तिसऱ्यानं बोलायचं नसतं. मी तरी म्हणून बघितलं, “मामा, आधी कोनाले इचारून पाहू का?”

“हे कोन हाय मग?” मामांनी चाचांकडे बोट दाखवलं.

चाचांनी पाट्याकडे बघून मान हलवली. “सरपंच, ये तो खटिये की पट्टी है. इसमें जीप के दो पत्ते डाल देते. हाथी बिठाव फिर.”

जीपच्या दोन पट्ट्या कापून, तापवून, वाकवून त्या जुडीत घातल्या. गाडी शेतात आली तेव्हा तिचं मागचं अंग कोंबडी अंडं द्यायला बसते तसं वर आलेलं होतं. मामांना ते फार रुबाबदार वाटलं. मी या वेळी दुकानात गिऱ्हाईक असल्याचं सांगून सुटलो. मामा एकटेच निघाले. पुलाच्या वळणापर्यंत पोचलेच नाहीत. रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्या हत्ती बसवायच्या पाट्यानं थेट त्यांच्या मणक्यात पोचवला. परत आले ते गाडीतून उतरेनात. शेवटी बायकोनं मला दुकानातून बोलावलं आणि आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बगलांत धरून बाहेर काढलं. ते बसलेल्या आकारातच बाहेर आले.

डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि आडवं पडून राहायला सांगितलं. मामीच्या चेहऱ्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच समाधान दिसलं असं बायको म्हणते. “आता एका जागी तं राह्यतीन,” मामी म्हणाली. पण मामांनी घरात पडायला नकार दिला. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, गाडीच्या बाजूला बाज टाकून घेतली आणि तिथून हुकूम सोडू लागले.

पडल्यापडल्या त्यांनी फोनवर शोधून शोधून एक इंग्रज म्हातारा काढला. तोही आपल्या शेडमध्ये असलीच गाडी उघडून बसलेला असायचा आणि तासन्‌तास बोलायचा. मामांना इंग्रजी येत नाही. ते आवाज बंद करून बघायचे. मामी चहा घेऊन आली की तिला दाखवायचे, “पाह्य, याची बायको बी चहा ठेवते अन् न बोलता जाते. किती शांत बाई हाय.”

“तिले मराठी येत नसन,” मामी म्हणायची. “नाई तं बोलली असती.”

एका दुपारी बायको रोपांच्या ट्रेंना पाणी देऊन, पाइप खांद्यावर टाकून, हात पुसत शेडमध्ये आली आणि तिनं त्या व्हिडिओचा आवाज सुरू केला. ती मेहकरच्या कॉलेजात शिकली आहे, इंग्रजी कामापुरतं कळतं. थोडा वेळ ऐकून म्हणाली, “बाबा, हा तं म्हनून राह्यला का पाटा कडक कराचाच नाही. मधून मोकळा सोडाचा.”

“मोकळा म्हंजे?”

“एकच पट्टी आवळाची. बाकीच्या मधल्या खिळीवर झोपाळ्यावानी हलू द्याच्या. मंग वळनावर गाडी एका बाजूले कलली तरी हा पाटा तिले मांगून ढकलत नाही, अन् चाक आत दुमडत नाही.”

मामा बाजेवर अर्धे उठले, कंबर आठवली आणि परत पडले. “मोकळा सोडला तं गाडी डुलन ना.”

“डुलू द्या. पुढच्या अंगाले जाड सळई टाकाची म्हनते तो. मंग जास्त डुलत नाही.”

“अन् तो म्हातारा सांगन ते आपन आयकाचं? त्याच्या देशात रस्ते कसे, आपले कसे.”

“चाचाचं आयकून तुमी बाजेवर हाय.”

यावर मामांनी माझ्याकडे बघितलं. जावयानं सासऱ्याची बाजू घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मी नवराही होतो, आणि बायकोकडे त्या वेळी पाण्याचा पाइप होता. मी म्हणालो, “करून पाहू.” मामांनी तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी आमच्याशी अबोला धरला, पण पाना कुठला लागेल ते भिंतीकडे बघतच सांगत राहिले.

मग सुरू झालं आमचं काम. बायकोनं व्हिडिओ बघून चित्र काढलं, मी ते घेऊन चाचांकडे गेलो. पट्ट्या वाढवायच्या नाहीत, उलट कमी करायच्या, हे ऐकून चाचा दुखावले. एखाद्या हलवायाला साखर नको म्हणावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. तरी केलं. खालची लांब पट्टी घट्ट आवळायची, तिच्यावरच्या पट्ट्यांना एक लोखंडी पेटी, पेटीच्या मधून एक जाड खीळ, आणि त्या खिळीवर ती पेटी डुलली पाहिजे. पहिली पेटी मी शेतात आणून बसवली तर ती हलेचना. पट्ट्या अडकून बसल्या. मी घणानं ठोकली. मामा बाजेवरून म्हणाले, “अजून ठोक. मंग सरळ भंगारात नेता येईन.” बायकोनं खाली वाकून बघितलं आणि सांगितलं की पेटी आतून फार घट्ट झाली आहे, बाजूंना जागाच ठेवलेली नाही. परत मेहकर. चाचांनी आतून घासून दिली, वर ग्रीस भरलं, आणि या वेळी पेटी हातानं ढकलली तरी डुलली. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

आणखी एक गोष्ट म्हाताऱ्यानं सांगितली होती. वळणावर चाक किती खाली लोंबेल याला मर्यादा घालायला हवी. त्यासाठी चाकाला वरून एक पट्टा बांधतात. तसला पट्टा इकडे कुठे मिळणार? मी डोणगावच्या पिठाच्या गिरणीतला जुना जाड पट्टा आणला, त्याचे दोन तुकडे करून बोल्टनं बसवले. त्यात इतकं पीठ मुरलेलं होतं की गाडी हलली की मागून ज्वारीच्या भाकरीचा वास यायचा. पुढच्या अंगाला एका जुन्या व्हॅनची आडवी सळई बसली. शर्यतीचा नियम म्हणून डोक्यामागे पाइपची कमानही उभी केली. ट्रॉली बनवणाऱ्यानं ती इतकी मजबूत केली की गाडी उलटली असती तर कमानीला काही झालं नसतं, जमिनीचं सांगता येत नाही.

हे सगळं बसल्यावर गाडीचं मागचं अंग खाली आलं आणि मागची चाकं जरा फाकलेली दिसू लागली. मामांनी बाजेवरून निरखून बघितलं. “म्हैस बसाले लागली अशी दिसून राह्यली,” म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

चालवायची कुणी हा प्रश्न होता. मामा उठून बसायला लागले होते, काठी घेऊन फिरत होते, पण त्या गाडीत शिरायचं म्हणजे जमिनीवर बसण्यासारखंच. मला गंजी विसरता येत नव्हती. बायकोनं कुणाला विचारलं नाही. किल्ली घेतली, पदर खोचला, सीट पुढे सरकेना म्हणून पाठीशी दोन उशा ठेवल्या आणि निघाली. आधी खळ्याभोवती गोल, हळू, मग जोरात. मग रस्त्यानं पुलाच्या वळणाकडे. शेजारी त्याच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला होता. या खेपेला गंजी नव्हती तरी त्याला भरवसा नसावा.

गाडी वळणात शिरली. एका अंगावर कलली, चांगलीच कलली, मला वाटलं आता गेली. पण मागचं अंग जागच्या जागी बसून राहिलं आणि गाडी पुलावरून पलीकडे निघून गेली. ती दिसेनाशी झाली. आम्ही नुसता आवाज ऐकत उभे राहिलो. मग तो आवाज परत येताना ऐकू आला. तिनं त्याच वळणावरून उलट्या बाजूनं, आणखी जोरात आणली.

उतरल्यावर मामांनी काठी टेकत विचारलं, “काय म्हनते?”

“मांगून काहीच म्हनत नाही,” बायको म्हणाली. “जिकडं नेलं तिकडं येते. पन ब्रेक उजवीकडं वढते, ते पाहा लागते.”

मामा गाडीभोवती फिरले. मागच्या चाकावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “मी पाह्यतो उद्या चालवून.”

मामी ओट्यावर लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. “तुमी चालवान अन् मंग तुमाले उचलन कोन? माह्या हातून होनार नाही. पोरगी चालवन शर्यतीत.” या घरात मामा सरपंच असतानाही ठराव असेच पास व्हायचे.

शर्यतीला आम्ही पिकअपवर गाडी चढवून गेलो. मामा कमरेला पट्टा बांधून पुढच्या सीटवर, मांडीवर मामीनं दिलेला ठेच्याचा डबा. कारखान्याच्या आवारात पोचलो तर तिथे गाड्यांपेक्षा गाड्या पुसणारे जास्त. चकचकीत रंग, चकचकीत चष्मे, एकाची टोपी त्याच्या गाडीच्या सीटच्या रंगाची. आमच्या गाडीच्या एका अंगाला नांदुऱ्याचा मूळ रंग होता आणि दुसऱ्या अंगाला सोयाबीननं घासलेला. तपासणी करणाऱ्या पोरसवदा अधिकाऱ्यानं मागे वाकून टॉर्च मारला. “हे सस्पेंशन कुठलं किट आहे?”

“मेहकर,” मामा म्हणाले.

त्यानं ते लिहून घेतलं.

आमच्या शेजारी तीच व्हिडिओतली लाल गाडी उभी होती. मालक पुण्याचे, निवृत्त, सावकाश बोलणारे. बायकोच्या डोक्याला हेल्मेट मोठं होतंय हे बघून त्यांनी आपल्या मुलीचं आणून दिलं. मामांनी त्यांना विचारलं, “तुमची मांगून उचलत नाही का?” त्यांना प्रश्न कळला नाही. मामांनी हातानं करून दाखवलं. “अहो, उचलते ना,” ते म्हणाले, “पण तो या गाडीचा स्वभाव आहे. आपण जपून घ्यायचं.” एवढं बोलून ते गेले आणि पहिल्याच फेरीत त्यांनी जपलं नाही. तिसऱ्या वळणावर गाडीचं बूड उठलं, ती गिरकी घेऊन टायरांच्या ढिगात पाठ टेकून बसली. त्यांना काही झालं नाही. सीटवर ठेवलेली टोपी मात्र उडाली.

मामा काठी टाकून तिकडे निघाले. मी मागे धावलो, कारण ते शेताच्या शेजाऱ्यासारखं काही विचारतील अशी मला भीती होती. पण मामांनी त्यांना हात देऊन बाहेर काढलं आणि मागचं चाक दाखवत म्हणाले, “हे पाहा, हा तुमचा पाटा ताकद लावून राह्यला. त्याची ताकद काढून घ्या.” मग मामांनी झोपाळ्याचं तत्त्व समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं चूक होतं. ते गृहस्थ मूळचे इंजिनिअर निघाले, त्यांनी चूक होतं ते सौम्यपणे दुरुस्त केलं आणि म्हणाले, “हे मला माहीत होतं. पण गाडी मूळ स्थितीत ठेवायची म्हणून केलं नाही.” मामांना हे काही केल्या पटेना. गिरकी घेऊन टायरात जाणं मूळ स्थितीत धरायचं का, असं त्यांनी विचारलं. गाडी बाजूला ओढल्यावर दोघं तिच्याखाली डोकं घालून बसले. कमरेचा पट्टा लावून मामा इतके वाकलेले डॉक्टरांनी बघितले असते तर त्यांनी दवाखाना बंद केला असता.

तेवढ्यात बायकोचा नंबर आला. पहिल्या फेरीत ती जोरात सुटली आणि एका शंकूच्या चुकीच्या बाजूनं गेली, फेरी बाद. परत आली तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की मी पाण्याची बाटली दुरूनच पुढे केली. “रस्ता असा आखतात का?” ती म्हणाली. “आपल्याकडं एकच रस्ता असते, सरळ डोनगावले जाते.”

दुसऱ्या फेरीच्या आधी ती आखलेल्या रस्त्यावरून पायी चालून आली, एकेक वळण बोटानं हवेत गिरवत. मग बसली. या वेळी मी कठड्याला धरून उभा होतो आणि मामा तिसऱ्या वळणापाशी सिमेंटवर पोटावर पडून होते. हो, पोटावर. त्यांना मुलीचा चेहरा बघायचा नव्हता, मागची चाकं बघायची होती. ती आली. गाडी कलली, टायर किंचाळले, आणि मागची दोन्ही चाकं रस्त्याला चिकटून वळली. मामांच्या तोंडावर धूळ आली. ते पडल्यापडल्या स्वतःशीच म्हणाले, “बसून राह्यली रे.” पुण्याचे गृहस्थ शेजारी उभे होते, त्यांनी टाळी वाजवली.

शेवटच्या फेरीत डावीकडचा गिरणीचा पट्टा तुटला. बाहेरून काही कळलं नाही, फक्त पिठाचा एक पांढरा झोत मागून उडाला आणि बघणाऱ्यांना वाटलं, इंजिन गेलं. तिला गाडी मागून सैल पडल्याचं कळलं, म्हणून पुढची वळणं तिनं हळू घेतली आणि फेरी पूर्ण केली. आमच्या वर्गात पाच गाड्या होत्या. ती तिसरी आली, वरून मोजा की खालून, तिसरीच. मामांनी अर्थातच वरून मोजलं आणि घरी फोन करून मामीला सांगितलं. मामीनं विचारलं, जेवले का.

महिन्याभरानं मामांची कंबर बरी झाली. डॉक्टरांनी पट्टा काढला, जपून राहायला सांगितलं. मामा सकाळीच शेडमध्ये गेले, गाडीचं दार उघडलं आणि आत बसायला लागले. शर्यतीआधी मी बायकोसाठी सीट पुढे घेऊन खालची पट्टी वेल्डिंग करून टाकली होती, कारण उशा घेऊन शर्यत करू देत नाहीत. मामा उंच आहेत. त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या वर आले, पायांना ब्रेक सापडेना. मी म्हणालो, “मामा, कापून मांगं घेतो. अर्ध्या तासाचं काम हाय.”

त्यांनी स्टिअरिंगवर हात फिरवला. “राहू दे,” म्हणाले. “तिचं बसलं हाय ते बसू दे.” मग गुडघे एकेक करून बाहेर काढले, गाडीला वळसा घालून गेले आणि डावीकडच्या सीटवर बसले.

बायकोला डोणगावला रोपांचे पैसे घ्यायला जायचं होतं. तिनं पिकअपऐवजी ही गाडी काढली. मी फाटकापाशी उभा होतो. मामा शेजारी ताठ बसले होते, एक हात दारावर, दुसरा समोरच्या फळीवर टेकलेला, आणि गाडी अजून शेताच्या बाहेरही पडली नव्हती तर त्यांचं सुरू झालं होतं, “हळू. ब्रेक. पुढं वळन हाय, ब्रेक मार.”

“बाबा,” बायको म्हणाली, “हात आत घ्या.”

त्यांनी हात आत घेतला.